समुद्राचा बांध कोणीं घालावा?

(कोळी बांधवांच्या सभेपुढें केलेलें भाषण)



शेताच्या बांधावरून भाऊभाऊ कोर्टांत जातात, हें आपण नित्य पाहतों. समुद्रालाहि बांध असतो व त्यावरून राष्ट्रें भांडतात, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. फिलिपाईन्स व चीन यांच्या अशाच तंट्याची हकीकत आज आम्ही आपणांपुढें ठेवतों.

समुद्राचा कायदा १९८२ सालीं ठरला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत त्या राष्ट्राची सत्ता. २०० मैलांपर्यंत मासळीवर व तळाच्या तेलावर त्याचा हक्क. दोन्ही राष्ट्रांनीं हा कायदा पत्करला आहे. असें असतां चीननें नकाशावर नऊ तुटक रेघा ओढून जवळजवळ सबंध दक्षिण चिनी समुद्रावर हक्क सांगितला, आणि २००९ सालीं तो नकाशा संयुक्त राष्ट्रसंघापुढें ठेवला. सावकारानें जुनी वही काढावी आणि कुळाचें शेत जावें, त्यांतलाच हा प्रकार!

लुझॉन बेटापासून सुमारें १२० मैलांवर स्कारबरो नांवाचा प्रवाळाचा खडक आहे. तेथें फिलिपिनो व चिनी कोळी पिढ्यान्‌पिढ्या मासे धरीत आले. २०१२ सालीं चिनी सरकारी जहाजांनीं त्यावर ताबा बसविला व फिलिपिनो कोळ्यांची वाट अडविली. दुबळ्या राष्ट्रानें तोफा न काढतां जानेवारी २०१३ मध्यें लवादाकडे धाव घेतली. चीन हजर राहिला नाहीं. १२ जुलै २०१६ रोजीं पांच पंचांनीं एकमतानें निकाल दिला कीं, रेघांच्या हक्कास कायद्याचा आधार नाहीं. खडक कोणाचा, हें त्यांनीं ठरविलें नाहीं. परंतु तेथें मासे धरणें ही दोन्ही देशांच्या कोळ्यांची जुनी वहिवाट असून ती अडविणें बेकायदेशीर, असें स्पष्ट सांगितलें.

चीननें निकाल मानला नाहीं. हुकूमनामा हातीं, पण बजावणारा बेलीफ नाहीं! डिसेंबर २०२३ मध्यें तेथल्या कोळ्यांस रसद नेणाऱ्या फिलिपिनो जहाजांवर चिनी जहाजांनीं पाण्याचे जबर फवारे मारले. बळी तो कान पिळी, दुसरें काय?

मग या कागदाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. बंधूंनो, ज्याची वहिवाट कोठेंच नोंदलेली नाहीं, तिला बळवंत एका रात्रींत पुसून टाकतो आणि वर आपणच धनी म्हणवितो. नोंद झाली म्हणजे त्यास निदान चोर तरी म्हणतां येतें. आपल्याकडेहि सर क्रीकचा बांध भारत व पाकिस्तान यांच्यांत अजून पडलेला नाहीं; त्या पाण्यांत चुकलेला गरीब खलाशी तुरुंगांत जातो. रेघ ओढणारे मोठे, भोगणारे आपण. म्हणून आपल्या वहिवाटीची नोंद ठेवा, आणि जाळें विणण्याबरोबर मुलांस कायदा वाचावयासहि शिकवा, एवढीच आमची विनंती आहे.