झेब्रा, फेब्रुवारी आणि डोंगरावरचं एक गाव

झेब्रा क्रॉसिंगमधला ‘झेब्रा’ हा शब्द कुठला? तुम्ही म्हणाल, आफ्रिकेतला. प्राणी तिथलाच, पण शब्द बहुधा स्पेन-पोर्तुगालचा. आणि तो तिथल्या एका चिमुकल्या गावाच्या नावातही दडला असावा.

गाव आहे ओ सेब्रेइरो. स्पेनच्या वायव्येला गालिसिया नावाचा प्रदेश आहे, त्याच्या वेशीवर, सुमारे १३०० मीटर उंचीवर. गवताने शाकारलेली गोल दगडी घरं, आणि सांतियागोला पायी निघालेले यात्रेकरू. रस्ता दाखवणारे पिवळे बाण १९८४ मध्ये रंगवत निघालेले एलियास वालिन्या इथलेच पाद्री. पण आपण नावाबद्दल बोलत होतो.

याच यात्रेची १२व्या शतकातली एक लॅटिन मार्गदर्शिका आहे. तिच्यात या डोंगराला चक्क ‘फेब्रुवारीचा डोंगर’ म्हटलंय! गालिसियन भाषेत फेब्रुवारी म्हणजे ‘फेब्रेइरो’. फेब्रेइरो, सेब्रेइरो. वर हिवाळ्यात तिथे बर्फही पडतं. झालं की मग, सुटलं कोडं!

इतकं सोपं नाहीये. स्पेन-पोर्तुगालमध्ये पूर्वी एक रानटी, घोड्या-गाढवासारखा प्राणी होता, ‘सेब्रो’. रानगाढव होतं की रानघोडा, यावर अजून वाद चालतो, कारण तो कधीच नामशेष झाला. पुढे आफ्रिकेत पट्टेवाला प्राणी दिसला तेव्हा पोर्तुगीजांनी घरचंच नाव त्याला देऊन टाकलं, असं मानतात. मग सेब्रेइरो म्हणजे सेब्रो असलेली जागा?

मला हे जास्त पटतं, आणि त्याचं कारण दुसऱ्या गावांत आहे. स्पेनमध्ये आविला प्रांतात सेब्रेरोस आहे, पोर्तुगालमध्ये झेब्रेइरा आहे. सगळीकडे काय फेब्रुवारीच मुक्कामाला होता? माझा अंदाज असा, की लॅटिनमध्ये लिहिणाऱ्याला सेब्रेइरो म्हणजे काय ते कळेना, मग त्याने जवळचा ओळखीचा शब्द बसवून टाकला. आपला फोनही मराठी टाइप करताना हेच करतो ना!

अर्थात, त्या मार्गदर्शिकेचा लेखी पुरावा माझ्या विरोधात आहे. आणि त्या डोंगरावर सेब्रो चरताना पाहिल्याची नोंद काही माझ्या हातात नाही. तरी पैज लावायचीच झाली, तर मी त्या रानगाढवावर लावेन. किंवा घोड्यावर.