पानांचा अर्क आणि औषधाची कसोटी

जबलपूरचे सदर म्हणजे जुन्या लष्करी छावणीची बाजारपेठ. महाकोशलची अरण्ये ह्या शहरापासून दूर नाहीत. म्हणूनच येथे १९६३ मध्ये राज्य वनसंशोधन संस्था व १९८८ मध्ये उष्णकटिबंधीय वनसंशोधन संस्था स्थापन झाली. सदरच्या मराठी घरांतही खोकल्यावर अडुळशाचा काढा आणि खरजेवर कडुनिंबाचा पाला ही जुनी ओळखीची औषधे. अशा पानांचा गुण शास्त्रीय कसोटीस कसा लावतात, हे जाणून घेण्यासारखे आहे.

प्रथम वनस्पतीची ओळख निश्चित करावयाची. मग पाने सावलीत वाळवून त्यांची पूड पाण्यात किंवा मद्यार्कात भिजवितात, गाळतात आणि द्रव उडवून देतात. मागे उरतो तो अर्क. काचेच्या बशीतील अगरवर गळवांत आढळणारे स्टॅफिलोकॉकस किंवा आतड्यातील ई. कोलाय हे जंतू पसरतात आणि अर्कात भिजविलेली कागदाची चकती त्यावर ठेवतात. सदतीस अंश सेल्सिअस उष्णतेत एक रात्र गेली, की अर्क प्रभावी असल्यास चकतीभोवती जंतुरहित वर्तुळ दिसते. शेजारी नुसत्या मद्यार्काची चकतीही ठेवावी लागते. नाहीतर मद्यार्काचे श्रेय पानाला जावयाचे!

परंतु वर्तुळ उमटले म्हणजे औषध सापडले, असे मात्र नव्हे. फिनाइलही जंतू मारते; म्हणून ते कोणी पीत नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांना १९२८ मध्ये बुरशीभोवती असाच जंतुरहित भाग दिसला. त्यांनी तेवढ्यावर न थांबता तो बुरशीचा रस प्राण्यांना व रक्तातील पांढऱ्या पेशींना अपाय करीत नाही, हेही तपासले. पेनिसिलिनचे मोल ह्या दुसऱ्या गुणात आहे.

म्हणून अर्काची विषपरीक्षा करतात. प्रारंभी खाऱ्या पाण्यातील आर्टेमिया नावाच्या चिमुकल्या जीवांची पिले अर्कात चोवीस तास ठेवून किती जगली ते मोजतात. पुढे पेशींवर आणि नियमांच्या मर्यादेत उंदरांवर प्रयोग होतात. जंतूंना रोखणारी मात्रा आणि शरीराला बाधणारी मात्रा ह्यांत पुरेसे अंतर असेल, तरच पुढे जाण्यात अर्थ.

तथापि चोवीस तासांत सावकाश भिनणारे विष कळत नाही. ब्रुसेल्स येथे १९९० नंतर वजन उतरविण्यासाठी दिलेल्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया ही दुसरीच वनस्पती गेली. अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९९३ मध्ये हा प्रकार वैद्यकीय जगापुढे आला. आपल्याकडील सापसंद ह्याच प्रजातीतील. वनस्पतीची ओळख आणि दीर्घकाळची विषपरीक्षा ह्या दोन्ही गोष्टी किती मोलाच्या, हे ह्यावरून दिसते.

आज नव्या जंतुनाशक औषधांची निकड मोठी आहे. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ मध्ये जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. अरण्यातील पानांत ह्यावर काही उपाय दडलेला असणे अशक्य नाही. मात्र ‘झाडपाला आहे, अपाय कसला?’ ही समजूत आधी सोडली पाहिजे. कण्हेरही झाडच आहे, आणि तिचे पान जिवावर बेतते.