क्रोशाचे पहिले टाके



प्राथमिक शाळेत क्रोशाचे विणकाम उत्साहाने सुरू होते आणि पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांतच बंद पडते. याचे कारण मुलांच्या बोटांत नसून साहित्याच्या निवडीत असते. पहिल्याच दिवशी बारीक पांढरा दोरा, बारीक पोलादी सुई आणि समोर नमुना तबकावरच्या जाळीदार रुमालाचा! मुळाक्षरे गिरवणाऱ्यापुढे मोरोपंतांच्या आर्या ठेवाव्यात, तसाच हा प्रकार होय. आपल्याला हे जमणारे नाही, असे मुलाला एकदा वाटले की ते वाटणे पुढे सहजासहजी जात नाही.

यास्तव आरंभ जाड लोकरीने करावा. लोकर फिकट व एकरंगी असावी. काळ्या लोकरीत टाका कोठे आहे हे जाणत्यालाही शोधावे लागते. सुई सुमारे चार मिलिमीटर जाडीची, ॲल्युमिनियमची पुरे.

'क्रोशे' हा शब्द मूळचा फ्रेंच असून त्याचा अर्थ लहानसा आकडा असा आहे. दोन सुयांच्या विणकामात ओळीतील सर्व टाके सुईवर अडकलेले असतात व एक निसटला की तो खाली खाली उसवत जातो. क्रोशात मात्र टाका पुरा झाला की सुईवर एकच फास उरतो. चुकले तर सुई काढावी, दोरा ओढावा, चुकीच्या जागेपर्यंत उसवावे आणि फास पुन्हा सुईवर घ्यावा. लोकर वाया जात नाही. शिक्षकाने पहिल्याच तासाला स्वतः विणलेला एक तुकडा सर्वांदेखत उसवून दाखवावा. चुकीची धास्ती त्याने जितकी कमी होते तितकी शब्दांनी होत नाही.

पहिली गोष्ट सरकफासाची. तो सुईवर घेऊन दोरा सुईच्या आकड्यात धरावा व फासातून ओढून काढावा. झाली एक साखळी. मोजताना आरंभीची गाठ आणि सुईवरचा फास धरू नये. पहिला आठवडा नुसत्या साखळीला द्यावा. शिक्षकांना हे कंटाळवाणे वाटते, मुलांना वाटत नाही. त्यांना साखळीची लांबी वाढताना दिसते. दहा-दहांच्या गटांनी मोजणी होते. आणि तेवढ्या काळात डाव्या हाताच्या बोटांवरून दोरा सारख्या ताणाने सोडण्याची सवय लागते. टाक्यांचा सारखेपणा या सवयीवरच अवलंबून असतो.

त्यानंतर मुका खांब. एकवीस साखळ्या घालाव्यात. सुईपासून दुसऱ्या साखळीत सुई घालून दोरा ओढून आणावा. सुईवर दोन फास होतील. पुन्हा दोरा घेऊन तो दोन्ही फासांतून एकदम काढावा. शेवटच्या साखळीपर्यंत याप्रमाणे केल्यास बरोबर वीस मुके खांब होतात. ओळ संपली की एक साखळी घालून काम उलटावे. ही साखळी केवळ उंचीसाठी असते. ती मोजणीत धरत नाहीत.

खांब करताना सुई आत घालण्यापूर्वीच तिच्यावर दोऱ्याचा एक वेढा घ्यावयाचा. मग दोरा ओढून आणल्यावर सुईवर तीन फास दिसतात व ते दोन-दोन करून दोन वेळा काढावयाचे असतात. वीस खांबांसाठी बावीस साखळ्या घालून चौथ्या साखळीपासून आरंभ करावा. सोडलेल्या तीन साखळ्या हाच पहिला खांब. पुढील प्रत्येक ओळीच्या आरंभीही तीन साखळ्या घालाव्या लागतात व त्याही पहिल्या खांबाच्या जागी मोजल्या जातात.

बहुतेक मुलांचे अडते ते येथेच. चौकोन विणावयास घेतलेला असतो आणि आठ-दहा ओळींनंतर हाती त्रिकोण येतो. मुलाचा हात घट्ट आहे, लक्ष नाही, असे त्यावर सांगितले जाते. वस्तुतः बहुधा एवढेच घडलेले असते की ओळीचा शेवटचा खांब मागील ओळीच्या तीन साखळ्यांच्या माथ्यावर घालावयाचा राहिला. त्या साखळ्या खांबासारख्या दिसत नाहीत, म्हणून मूल त्यांना वगळते. दर ओळीला एक खांब याप्रमाणे वीसाचे एकोणीस, एकोणिसाचे अठरा. रागावण्याऐवजी ती जागा सुईने दाखवावी आणि ओळ संपताच टाके मोजण्याचा नियम करावा.

गोल विणकाम हा तर गणिताचाच तास. दोन साखळ्या घालून सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब घालावेत. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन, म्हणजे बारा. तिसरीत एकाआड एका खांबात दोन, म्हणजे अठरा. पुढे चोवीस, तीस. सहाचा पाढा चालला तोवर वर्तुळ सपाट राहते. फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवावा, नाहीतर मोजणी हरवते. वाढ थांबवली की कडा वर उचलतात व वाटी तयार होते; बाळाचे टोपडे असेच होते. वाढ प्रमाणाबाहेर केली की कड झालरीसारखी दुमडते. ही दुमड निरुपयोगी मानू नये. एका रेषेबाहेरील बिंदूतून तिला न छेदणाऱ्या अनेक रेषा जातात अशी एक भूमिती आहे. तिचा पृष्ठभाग अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ डाइना टाइमिना यांनी १९९७ साली क्रोशानेच विणून विद्यार्थ्यांच्या हाती दिला.

इंग्रजी पुस्तकांतून नमुने घेताना एक सावधगिरी हवी. अमेरिकन पुस्तकात 'सिंगल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब; ब्रिटिश पुस्तकात त्यालाच 'डबल क्रोशे' म्हणतात. पुस्तक कोठले हे न पाहता विणले तर सारा नमुना बिघडतो.

डावखुऱ्या मुलाच्या हातातील सुई उजव्या हातात देण्याचा आग्रह कोणी धरू नये. इतरांना शेजारी बसवून शिकवावे, त्याला समोर बसवावे. आरशातल्याप्रमाणे पाहून तो बरोबर उचलतो. मुलग्यांना या तासाला बागेत पाठविण्याची चालही सोडावी. हा केवळ मुलींचा विरंगुळा नाही. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात अनेक कुटुंबांना या कामाने आधार दिला, आणि आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या क्रोशाच्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

राहिला प्रश्न प्रदर्शनाचा. शिक्षिकेने रात्री जागून विणलेला रुमाल विद्यार्थिनीच्या नावाने टेबलावर मांडला जातो, हे सर्वांस ठाऊक आहे. ज्या मुलीचे नाव त्यावर असते तिलाही ते ठाऊक असते. त्यापेक्षा तिचा पहिला वाकडा तुकडा व दहावा तुकडा शेजारी ठेवावेत आणि दोन्हींना तारखेची चिठ्ठी टाचावी. शेवटचा फास मात्र दोरा कापून त्यातून ओढून घेतलेला असावा. नाहीतर पाहणाऱ्याच्या हाताने प्रदर्शनातच सारे उसवेल.