मळलेले हात



वसंतोत्सवाच्या या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, की तो मजुरी आणि महागाईवर बोलणार असे श्रोते धरून चालतात. आज मी तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या रंगकाल्यावर बोलणार आहे. घरी केलेल्या रंगात हात बुडवून मुले जो काला करतात, तो. हा विषय चळवळीबाहेरचा आहे, असे मी मानत नाही.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ च्या दुरुस्तीने तो आकडा तीसवर आणला. खोली, पाळणा, दूध यांसाठी मागणी करता येते, भांडता येते. पण त्या खोलीत मुलाने दिवस कसा घालवावा, हे ठरवणे अखेर आपल्याच हाती राहते.

एका जिनिंगमधल्या बाईंना मी ही रंगाची गोष्ट सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “भाऊ, आमचे हात तर जन्मभर मळलेच. पोराचे तरी कोरडे राहू द्या. त्याच्या हाती पेन्सिल द्या.” या बोलण्यात पिढ्यापिढ्यांचे दुःख आहे, ते हसण्यावारी नेता येत नाही. मी स्वतः अक्षरे मजुरी करता करता, उशिरा गिरवली. कामाने ताठलेल्या बोटांना पेन्सिल किती जड होते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच त्या माउलीला माझे सांगणे आहे, की पेन्सिल धरण्याआधी बोटे मोकळी व्हावी लागतात. खळीत हात फिरवणारे मूल आधी सगळ्या बाहूने रेघ ओढते, मग मनगटाने, मग एका बोटाने. पाटीवरच्या अक्षराची तयारी तेथेच होत असते. शिवाय पिवळ्या हळदीत चिमूटभर खायचा सोडा पडला, की ती लालसर होते. मूल विचारते, “असं का झालं?” हा प्रश्न आला, की शिक्षण सुरू झाले.

आपल्या महाराष्ट्रात ही वाट दोन बायांनी घालून दिली आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेले. परदेशी महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. त्यांनी शंखशिंपले, बिया, पाने, खडे, माती हीच साधने केली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी म्हणतात ती कल्पना अशी जन्मली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. तिकडे रोममध्ये शाळा चालवणाऱ्या रूथ फेझन शॉ या अमेरिकन बाईंनी बोटांनी रंगवण्याची पद्धत बसवून १९३४ साली त्यावर पुस्तक लिहिले. आपल्याकडे मात्र पोळ्याला बैलाच्या अंगावर गेरूचे पंजे उमटतातच, आणि घराच्या भिंती मातीने सारवताना आईच्या शेजारी पोराचा हातही चालतोच.

आता कृती सांगतो. एक वाटी कणीक चार वाट्या थंड पाण्यात गुठळी न राहील अशी कालवावी. मंद आचेवर ढवळत शिजवावी. पळीवरून जाडसर ओघळू लागली, की उतरवून पुरती निवू द्यावी. पिवळ्याला हळद, तांबड्याला गेरू, काळ्याला बारीक वाटलेला कोळसा. शिमग्याला वेचून वाळवलेली पळसफुले उकळली, की केशरी पाणी मिळते. उन्हाळ्यात खळ आंबते, म्हणून रोजची रोज करावी. शेंदूर वापरू नये, त्यात शिसे असते. चुना डोळ्यांना भाजतो. बाजारी गुलालही नको. लहान मूल हात तोंडात घालणारच.

कोणी म्हणेल, “अन्नाशी खेळ कसला?” हा आक्षेप खरा आहे. एका वाटीची खळ दहाबारा पोरांना पुरते. तेवढ्यात तीन-चार पोळ्या होतात. ज्या घरी त्या पोळ्यांचीच भ्रांत आहे, तेथे आधी मजुरीचे आणि रेशनचे बोलले पाहिजे. तोवर खळीच्या जागी आपल्या वावरातली काळी माती चाळून, कालवून घ्यावी. पोरांना ती तितकीच आवडते.

दुसरा आक्षेप बायांचा: “धुवायचं कोणी?” अंगणवाडीच्या सेविकेवर आधीच पोषणाचे, वजनाचे, नोंदवह्यांचे ओझे आहे, तीही कामकरीच आहे. म्हणून हे काम पाळीने वाटून घ्यावे, आणि पाळीत बापांनीही यावे. आठवड्यातून एक सकाळ, झाडाखाली, जुना सदरा, पाण्याची एक बादली, इतकाच सरंजाम लागतो. मुलाने काय काढले हे विचारू नये, त्याच्या हातात आपला हात घालून घर किंवा कमळ काढून देऊ नये. वर्षभर दुसऱ्याच्या हुकमाने राबणाऱ्यांच्या पोराला एक तास तरी आपल्या मनाचा मालक होऊ द्यावे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचे वय शिक्षणाच्या पायात धरले आहे. पाया कागदावर घातला गेला. मुलांपर्यंत तो आपण पोचवायचा. केळापूर, पांढरकवड्यातल्या ज्या वस्तीला ही सकाळ सुरू करायची असेल, तिने निरोप पाठवावा. पहिल्या दिवशी खळ ढवळायला मी येईन.