सभामंडपाची तक्तपोशी : सागवान की लोखंड?

(जीर्णोद्धाराच्या कामासाठी भरलेल्या ग्रामस्थांच्या सभेत केलेले भाषण)



मी इंजिनियर नव्हे. तालुका कचेरीत कागद हाताळणारा साधा कारकून. परंतु लाकूड व लोखंड या दोहोंची माहिती काढण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपविले. सबब सुतार, वखारवाले व फॅब्रिकेशनवाले यांच्याशी बोलून जे समजले, ते आपणापुढे ठेवतो.

या प्रश्नावरून गावात दोन तट पडू पाहत आहेत. वडीलधारी मंडळी म्हणतात, मंडपाला लाकूडच शोभते. तरुण मंडळी म्हणतात, लाकूड म्हणजे वाळवीला आमंत्रण. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा सांगाडा करा आणि त्याला जिप्समचे तक्ते मारा.

आधी वाळवीचे सांगतो. सागाच्या गाभ्यात मुळातच असे द्रव्य असते की वाळवी सहसा त्याच्या वाटेस जात नाही. गाभ्याबाहेरच्या पांढऱ्या लाकडाला मात्र हे संरक्षण नाही. आपल्या मंडपाचे जुने खांब व तुळया आजही टणक आहेत, आणि मागाहून बसविलेले चार वासे पोखरले गेले, याचे कारण हेच. ते वासे पांढऱ्या लाकडाचे होते. दोष सागाचा नव्हता, निवडीचा होता.

पत्र्याच्या सांगाड्याचे गुणही मान्य केले पाहिजेत. पावसाळ्यात लाकूड आडव्या अंगाने फुगते, उन्हाळ्यात आकसते, मग सांधे उघडतात. पत्र्याचे तसे होत नाही. तो पेटही घेत नाही. पुण्याचा शनिवारवाडा 1828 साली आगीत सापडला तेव्हा लाकडी मजले जळाले व दगडी जोते तेवढे उरले. आपल्याकडे समई, कापूर, निरांजन रोजचे. तेव्हा आगीचा विचार हवाच. परंतु पोलादही 600 अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावते, आणि पत्रा पातळ असल्याने लवकर तापतो. जाड तुळई बाहेरून कोळसा होत सावकाश जळते, आतला गाभा बराच वेळ भार धरून राहतो.

आता भाराचे. तक्तपोशीसाठी मिळणारा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. तो आपले तक्ते पेलतो, अधिक नाही. घंटा, हंड्या, पंखे त्याला टांगता येणार नाहीत. ते थेट तुळईलाच हवेत. घंटा तर लहान मुलेसुद्धा लोंबकळून वाजवितात, हे आपण जाणताच!

दुसरे, आपले छप्पर कौलारू. वानरे दरवर्षी कौले सरकवितात. जिप्समला पाणी लागले की ते मऊ पडून खाली झोल धरते, आणि वर वासा कुजत असला तरी खालून दिसत नाही. म्हणून मंडपावर माझे मत लाकडी तक्तपोशीकडे आहे. तीही वर चढून पाहता येईल अशी एक झडप ठेवून.

कोठी, भांड्यांची खोली व समितीची कचेरी यांच्या आतल्या भिंतींना मात्र पत्र्याचा सांगाडा व सिमेंटचे तक्ते घ्यावेत. तेथे भार नाही, कोरीवकाम नाही, काम चार दिवसांत उरकते. कापलेल्या कडांना जस्ताचा रंग लावून घ्यावा, नाहीतर गंज तेथूनच धरतो. विजेच्या तारा नळीतून न्याव्यात आणि सांगाड्याला अर्थिंग द्यावे. पत्र्याची धार तारेचे आवरण कापते.

राहिला प्रश्न देऊ केलेल्या दोन सागांचा. दात्यांची भावना मोठी आहे. परंतु झाड आपल्या बांधावरचे असले तरी 1964 च्या वृक्षतोडीच्या कायद्यान्वये परवानगी लागते, व लाकूड हलविण्यास वाहतुकीचा पास लागतो. शिवाय ओले लाकूड तसेच जोडले तर पहिल्या उन्हाळ्यातच फळ्या पिळतील. ते चिरून, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत रचून वाळले पाहिजे. म्हणजे या उत्सवापर्यंत तक्तपोशी होणार नाही. पोखरलेले चार वासे तेवढे वखारीतील वाळलेले गाभ्याचे लाकूड आणून आत्ताच बदलावेत, व दात्यांचा साग पुढील वर्षी तक्तपोशीला वापरावा. एक वर्ष मंडप उघडा दिसेल, हे देणगीदारांनी समजून घ्यावे अशी विनंती आहे.

परवानगीचा अर्ज मी लिहून आणला आहे. झाडमालकांनी सही करून सोबत चालू 7/12 उतारा जोडावा. सोमवारी मी तो स्वतः नेऊन देतो.