मूळ प्रत जपून ठेवा
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



आम्ही डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेली माणसे, व्याख्याते नव्हे. मंडळाच्या वेबसाइटचे काम यंदा आम्हा तिघांकडे आले. त्यात जी ठेच लागली, तीच सांगतो.

वक्तृत्व स्पर्धेचा वयोगट बदलायचा होता. काम पाच मिनिटांचे. पण साइट बनवणारा आपला मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेलेला, त्याचा जुना लॅपटॉप बिघडलेला. सर्व्हरवर हाती लागली ती एकच लांबलचक ओळ, तीत जिकडेतिकडे ए, बी, सी. दोन रात्री बसलो. वय कुठे तपासले आहे ते सापडेना.

असे का होते? ब्राउझरची मूळ भाषा जावास्क्रिप्ट. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचे पहिले रूप दहा दिवसांत उभे केले. भाषा मोठी सोशिक. वर्गणीच्या फॉर्मात कोणी ५०० भरले, की तिच्या लेखी ती अक्षरे असतात, आकडा नव्हे. त्यात महाप्रसादाचे १०० मिळवायला सांगा; ६०० ऐवजी ती ५००१०० म्हणते आणि तक्रारही करत नाही! कोषाध्यक्षांना क्षणभर आनंद होईल, एवढेच.

अशा चुका आधीच पकडाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट आणली. टर्बो पास्कल करणारे अँडर्स हेल्सबर्ग तिचे प्रमुख शिल्पकार. आकडा कोणता, मजकूर कोणता, हे तीत आधी सांगून ठेवता येते. कंपायलर ते तपासतो, चुकीवर बोट ठेवतो आणि मग त्या खुणा पुसून साधी जावास्क्रिप्ट काढून देतो. बेबल हे साधन नव्या धाटणीचा कोड जुन्या ब्राउझरला कळेल असा करते. शेवटी फाइल लवकर उतरावी म्हणून आणखी एक साधन मोकळ्या जागा आणि टिपा काढते, लांब नावांच्या जागी एकेक अक्षर ठेवते. २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत वेबअसेंब्लीही आली. सी किंवा रस्टमध्ये लिहिलेले तिच्या रूपाने चालते.

म्हणजे आपण लिहितो एक, ब्राउझरला पोचते दुसरे. इंदुरात घरी मराठी आणि कचेरीत हिंदी बोलणाऱ्या आपल्याला यात नवल नाही. पोचलेल्या रूपात यंत्राचे काम भागते; पण माणसाला समजेल असे सगळे मूळ प्रतीतच राहते. ती प्रत आम्ही त्या मुलाकडे कधी मागितलीच नव्हती. चूक आमची.

अखेर फॉर्म नव्याने लिहिला, या वेळी टाइपस्क्रिप्टमध्ये. कोणता बदल कोणी, केव्हा, का केला याची नोंद गिटमध्ये ठेवली. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेले हे साधन फुकट मिळते. कोडमधल्या टिपा मराठीत लिहिल्या आहेत. एक प्रत पेन ड्राइव्हवर, मंडळाच्या कपाटात, जमाखर्चाच्या वह्यांशेजारी ठेवली आहे.

तरी एक काम उरलेच आहे. आम्हा तिघांच्याही बदल्या होऊ शकतात. तेव्हा समोर बसलेल्या मुलामुलींपैकी निदान दोघांनी दिवाळीपूर्वी आमच्याकडून हे शिकून घ्यावे. रविवारी सकाळी आम्ही मंडळातच असतो.

गणपती बाप्पा मोरया!