राग, चेहरा आणि हृदय
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी ३१ जुलैला धुळे-जळगावची आपली माणसं लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातात. १९३७ साली बाबासाहेब तिथे मुक्कामाला होते. त्या वाटेवर चालताना छाती भरून आली की माणूस थांबतो, दम घेतो. पण बसल्या जागी, नुसतं रागावूनही आजारी हृदयाला रक्त कमी पडू शकतं, हे आपण लक्षात घेत नाही.

१९५९ साली अमेरिकेतील फ्रीडमन व रोझेनमन या डॉक्टरांनी घाईगर्दीच्या, चिडक्या स्वभावाचा हृदयविकाराशी संबंध दाखवला. पुढील संशोधकांना घाईपेक्षा मनातला वैरभाव जास्त घातक वाटला. २००१ साली रोझेनबर्ग, एकमन व सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या ११५ पुरुष रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलाखतीच्या वेळी ज्यांच्या हृदयाला रक्त कमी पडलं, त्यांच्या चेहऱ्यावर राग जास्त दिसला. आणि खोटं हसूसुद्धा जास्त दिसलं! खरं हसू डोळ्यांपर्यंत पोचतं, खोटं ओठांवरच थांबतं. वैरभावाच्या लेखी प्रश्नावलीत मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. कागदावर लपलं ते चेहऱ्यावर उमटलं. रागामुळेच रोग झाला, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. पण इशारा मोठा आहे.

बंधूंनो, कचेरीत आडनाव विचारून केलेला अपमान हसून गिळायचा आणि घरी येऊन बायको-पोरांवर ओरडायचं, ही शांती नव्हे. मैत्री तर नव्हेच. अन्यायाची चीड बाबासाहेबांनाही होती. त्यांनी १९२७ साली महाडला सत्याग्रह केला आणि चवदार तळ्याचा खटला चिकाटीने लढवून १९३७ साली हायकोर्टात जिंकला. चीड कामाला लावायची असते, उरात कुजवायची नसते.

धम्मपदात क्रोधावर 'कोधवग्ग' हा स्वतंत्र वग्ग आहे. तो घरी सर्वांनी मिळून वाचा. राग आला की आधी श्वासाकडे लक्ष द्या, मग शांतपणे बोला, पण बोला. घरातल्या माणसाचं हसू डोळ्यांपर्यंत पोचत नसेल, तर जवळ बसून विचारा, "काय झालं?"

आणि छातीत दुखलं, दम लागला, घाम फुटला, तर आधी दवाखाना गाठा. ध्यान हा गोळ्यांना पर्याय नाही. बाबासाहेबांनी आपल्याला विज्ञानाशी जुळणारा धम्म दिला आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!